पुतणीसाठी

पुस्तक नेताना मी दर वेळी सांगते, पुतणीसाठी हवंय.
वाचनालयातले बर्वे मान डोलावतात, शिक्का मारतात.
मला पुतणी नाही. दोन पुतणे आहेत, एक चिपळूणला, एक बोटीवर,
दोघंही क्रिकेटच्या स्कोरपलीकडे काही वाचत नाहीत.

वय त्रेचाळीस. हर्णै बंदरावर बर्फाच्या फॅक्टरीत हिशेब लिहिते,
लाद्या किती, उधारी किती, कुठल्या होडीची.
दोन पावत्यांच्या मधे
ड्रॉवर पोटाशी अर्धा उघडा ठेवते
आणि आत ती असते,
पंधरा वर्षांची, जिभेला हाड नसलेली.

परवाचीच बघा.
मुख्याध्यापकांच्या भाषणाला वहीत मार्क देते:
दहापैकी तीन, त्यातला दीड माइकला.
मी एवढ्या जोरात हसले
की लादी फोडायचा थांबून इरफान म्हणाला,
ताई, हिशेब जुळला वाटतं?

आणि त्याच्या आधीची?
बापाच्या टेंपोमागे दर सोमवारी नवी ओळ रंगवते,
ओव्हरटेक करायचं सोडून लोक मागून चालतात, वाचायला.
नाकावर मुरूम आला तर त्याचं बारसं करते
आणि त्याच्यासकट बहिणीच्या लग्नाच्या फोटोत उभी राहते, मधोमध.
असलं लिहिणारं माणूस जेवायला आलं
तर सुरमईची मधली तुकडी वाढीन,
शेपटीकडची नाही.

राग येतो तो शेवटच्या तीन प्रकरणांचा.
एकशे ऐंशी पानं जी अख्ख्या शाळेला पुरून उरली
तिला एकाएकी समज येते.
खिडकीत बसते. कमी बोलते.
चष्मा काढते, आणि कुणी प्रथमेश म्हणतो,
आज तू वेगळीच दिसतेस.
अरे, तिला विचार
तू दिसतोयस का!

हे मी समासात लिहिलं. पेन्सिलीने, बारीक.
नियमाविरुद्ध आहे, माहितीय.
पुढच्या पुस्तकात माझ्या आधीच कुणीतरी:
‘इथून पुढे बोअर. सरळ पान २०१.’
मी खाली लिहिलं, ‘आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सोडू नये.’
पुस्तक फिरून आलं तेव्हा त्याखाली:
‘वाचलं. ठीक. पण ही नुसती तोंडाळ. आतून भित्री.’

भित्री!
त्या रात्री मला झोप नाही.
तिच्या वयात मलाही उत्तरं सुचायची,
पण रात्री, भांडी घासताना.
ती मी टोपाला दिली सगळी.
टोप कधी उलटून बोलला नाही.
तोंडाळ व्हायलाच किती धाडस लागतं, बये,
हे समासात मावेना,
पान एकशे बारावर सुरू केलं
आणि मागच्या कोऱ्या पानावर संपवलं.

शुक्रवारी लिलावाच्या जरा आधी
पावशांची स्वरांगी आली, आईसाठी दोन लाद्या.
शाळेचा स्कर्ट, पायात भावाचे गमबूट.
मी पावती फाडली.
तिने ती उजेडाला धरली, नोट तपासावी तशी,
माझ्या र च्या शेपटीवर बोट ठेवलं.
‘काकू, बर्वेसर म्हणतात ती तुमची पुतणी,
ती आमच्या बर्फाच्या पावत्यासुद्धा लिहिते का हो?’

आणि मला, तिथल्या तिथे,
हातात एकही भांडं नसताना:
‘लिहिते. ती म्हणते, एकशे बाराव्या पानावर तू साफ चुकलीस.’

स्वरांगी गमबुटांसकट टेबलावर चढून बसली.
‘कुठे चुकले? दाखवा.’

मी ड्रॉवर पूर्ण उघडला.
बाहेर पुळणीवर तिची आई हाका मारत होती,
पापलेटचा भाव चढत होता,
लाद्या दारात, गोणपाटाखाली.
पाणी माझ्या चपलेपर्यंत आलं
तेव्हा ती तिसऱ्या मुद्द्यावर होती,
आणि एवढ्यात संपणार नव्हती.